ढब्बूच्या टाकीतला दिवा

अहो,

"तुझ्या मालकिणीला आपली आठवण तरी येते का रे?" असं सकाळी ढब्बूच्या टाकीशी पुटपुटत होतात, ते ऐकलं मी. लेकीचा हा ॲक्सोलॉटल, पाण्यात राहणारा पालीसारखा जीव, काही बोलत नाही, म्हणून मीच सांगते.

पाणी हिरवं, गढूळ झालंय ते तुमच्यामुळे. त्याच्याशी गप्पा मारायला दिवा लावून बसता, वर लाडाने खायला घालता, शेवाळ माजणारच. दिवा बंद करा. त्याचं उष्टं काढा आणि पाव टाकी पाणी बदला, क्लोरीन काढलेलं, गार. सगळं एकदम बदललंत, तर लेकीचा लाडका दगावेल.

मी तिच्याच खोलीवर निघालेय. ती ढब्बूला कायमचं न्यायचं म्हणतेय. "या घरात पाऊल ठेवू नकोस" हे तुम्ही बोललात, आता "ये" हेही तुम्हालाच म्हणावं लागेल.

त्या दिवशी चुकलं ते तुमचंच.