काळ्या काचेला सलाम

आण्णा, आज तासगावच्या त्याच बेदाण्याच्या शेडवर गेले होते, जिच्या गेटवर तुम्ही वॉचमन होतात. कारखान्यांतली यंत्रं कामगारांसाठी सुरक्षित आहेत की नाहीत, हे तपासायची सरकारी नोकरी आहे माझी. घरातली पहिली पदवी मी घेतली, पण ती बघायला तुम्ही नव्हतात. मी दहावीत असतानाच गेलात.

गेटवर आमची गाडी थांबली आणि तुमच्या जागेवरच्या वॉचमननं टाचा जुळवून सलाम ठोकला. मला कुणी सलाम केला की आधी शंका येते, याला काय हवंय, किंवा हा कशाला घाबरलाय. ही शंका बहुतेक तुमच्याकडूनच आली. आठवीत असताना मी डबा घेऊन गेटवर आले आहे. तुम्ही एका बागायतदाराशी बोलताय, दोन्ही हात जोडून रामराम झालाय, तंबाखू मळून होत आलीय. तेवढ्यात शेठची गाडी येते. तंबाखू खाली पडते, तुम्ही ताठ होता, हात कपाळाशी. गाडी आत गेल्यावर मी म्हणते, "आण्णा, शेठ सांगलीला गेल्यात. आत नुसता ड्रायव्हर हुता."

"काच काळी हाय. आत कोन हाय, कुनाला दिसतंय?"

"म्हंजे रिकाम्या गाडीला सलाम?"

"रिकाम्या गाडीला केल्याला वाया जातोय, एवढंच. शेठ आत असताना चुकला तर?"

"पोरगी वकील हुनार रं तुझी," बागायतदार हसतो. तुम्ही हसत नाही. दसऱ्याला थोरल्या माणसांना सोनं देऊन पाया पडायचात, तेव्हा त्यांच्या तोंडाकडं बघायचात. सलाम करताना तुमची नजर कुठंच नसायची. त्यात आदर किती आणि भीती किती, हे तेव्हा विचारायला हवं होतं.

आता कारभार शेठच्या मुलाकडं आहे. बेदाणा साफ करायच्या मशीनच्या पट्ट्यात परवा एका बाईची बोटं गेली, म्हणून मी आले होते. मुलगा ऑफिसच्या पायरीवरच उभा होता. मला बघून त्यानं खाडकन सलाम ठोकला. "या मॅडम! तुमच्या आण्णांनी आमाला लय सलाम ठोकल्यात. आता आमी तुमाला ठोकतो." सगळे हसले. मी हसले नाही, कारण पुढचं वाक्य येणार हे ठाऊक होतं. चहा पुढं सरकवत तो म्हणाला, "बाईचंच लक्ष नव्हतं हो. घरचं समजून सोडून द्या."

शेडमध्ये बायका तोंडाला फडकी बांधून बेदाणा निवडत होत्या. विचारलं तर कुणी मान वर करेना. मालक फोन घ्यायला बाहेर गेला, तेव्हा एक म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, पट्ट्याचं झाकान काढूनच चालवत्यात. काम बिगीनं हुतंय म्हनून." मी जाऊन बघितलं. झाकण भिंतीशी पडलेलं होतं, त्यावर धुळीचा थर. झाकण बसवून पुन्हा तपासणी होईपर्यंत मशीन बंद, असं मी तिथंच लेखी दिलं. मालकानं कागद वाचला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "आण्णांचं चांगलंच नाव काढलंत."

मी निघाले तेव्हा मालक पायरीवर उभाच होता. वॉचमननं गेट उघडलं, एकदा त्याच्याकडं बघितलं आणि हात खालीच ठेवला. मला राग आला नाही. त्याला उद्याही तिथंच उभं राहायचंय. त्याच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही हेच केलं असतंत, अगदी माझ्यासमोरसुद्धा.

हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि आईला वाचून दाखवायचा धीर नाही. तिला मी मशीन बंद केल्याचं तेवढं सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत मी मागच्या काचेतून बघत होते, आता तरी वॉचमनचा हात वर जातो का म्हणून.