कुंकू लावलेला डबा

तीर्थरूप बाळाजीमामांच्या चरणी पंचवटीहून दीपकचा नमस्कार.

तुमचा उजवा गुडघा आता काय म्हणतो? डॉक्टरांनी शिडी चढायला मनाई केल्यापासून तुम्ही ती अंगणात आडवी टाकून तिच्यावर मामींचे पापड वाळत घालता, असं तुमच्या राखीकडून कळलं. ऐकून बरं वाटलं. इकडे आई ठीक आहे. खरं तर मी फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही "हां, बरं, ठेव" याच्यापुढे जात नाही आणि मला सांगायचं आहे त्याला वळणं बरीच आहेत. राखी बुधवारी नांदगावला माहेरी येते आहे, तिच्याच हाती हे पत्र देतो. (प्रतिभा म्हणते, आमचे हे वीतभर वायर जोडतात आणि त्यावर हातभर लिहितात. मी यावर बराच विचार केला. तिचं बरोबर आहे.)

सध्या इंदिरानगरमधल्या एका शाळेचं किरकोळ काम माझ्याकडे आहे. लुकलुकणाऱ्या ट्यूब बदलायच्या, पंख्यांचे रेग्युलेटर बघायचे, मुलांनी पेन्सिली खुपसून ठेवलेली सॉकेटं मोकळी करायची. काम नीट झालं तर वर्षभराची देखभाल मलाच द्यायची, असं मुख्याध्यापिका मंजुषा मॅडम म्हणाल्या होत्या. पुढच्या सोमवारी दहावीची सराव परीक्षा सुरू होते, त्याआधी सगळं उरकायचं होतं. उरकलंही असतं. पण ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात मला तो डबा दिसला.

जुना, लोखंडी, फ्यूजचा डबा. शाळेचं सगळं वायरिंग मध्यंतरी नवीन झालं, पण याला कोणी हात लावलेला नाही. झाकणावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, त्यावर वर्षानुवर्षांच्या कुंकवाचे थर, आणि खिळ्याला गेल्या दसऱ्याच्या झेंडूची वाळलेली माळ. मामा, यंत्राची पूजा आपणही करतो. खंडेनवमीला माझ्या पकडीला आणि टेस्टरला मी फूल वाहतो, आणि बी.एस्सी. झालेल्या माणसाने हे करावं का, असंही दरवर्षी स्वतःला विचारतो. पण अख्ख्या शाळेत एवढे पंखे, एवढे बोर्ड असताना मान फक्त याच डब्याला का? मी चौकशी सुरू केली. मॅडम म्हणाल्या, मेन स्विच असेल. (मेन स्विच जिन्याखाली आहे. मी तिथूनच येत होतो.) गणिताचे ललित सर म्हणाले, पूर्वी बोअरवेल होती, तिचा असणार. पूजेबद्दल कोणालाच ठाऊक नव्हतं. दसऱ्याला पाटीपूजन झालं की उरलेलं हळदकुंकू याला लावायचं, अशी पद्धत आहे, एवढंच. एका नवीन शिक्षिकेने तर गेल्या वर्षी पहिलीच्या मुलांना रांगेने याच्या पाया पडायला लावलं.

डब्याच्या खालीच शाळेच्या सेविका कुसाबाईंचं स्टूल असतं. त्या मॅडमच्याही आधीपासून शाळेत आहेत. त्यांना विचारलं, तर त्यांनी माझ्या हातातल्या टेस्टरकडे असं पाहिलं की मी तो खिशात ठेवला.

"त्याला हात लावायचा नाय. देवाचा डबा हाय त्यो."

कोणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणाल्या, ज्यानं लावला त्यानंच सांगून ठेवलंय.

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. झोप लागेना. रविवारी शाळा बंद आणि कुसाबाई घरी, हे पाहून मी गेलो. (मॅडमची परवानगी घेतली होती. कुसाबाईंची घेतली नाही, हे मला टोचत होतं.) टेस्टर लावला, तर डब्यात करंट येत होता. म्हणजे देव जागा होता. मग मी खटका बंद केला आणि साऱ्या शाळेतून फिरलो. प्रत्येक ट्यूब लावली, प्रत्येक पंखा फिरवला, पाण्याची मोटर, प्रयोगशाळा, मुलींच्या बाथरूमचा दिवा, सगळं सुरू. या डब्यावर शाळेतलं काहीही चालत नाही, असं शास्त्रशुद्ध सिद्ध झालं. मी डबा उतरवला, तारांच्या टोकांना टेप गुंडाळली आणि मॅडमना कळवलं की एक निरुपयोगी वस्तू काढून टाकली आहे. भंगारात टाकायचं मन होईना, म्हणून डबा घरी आणला. कुंकू पाहून प्रतिभाने तो देवघराच्या खाली ठेवला. तेव्हापासून आई त्यालाही उदबत्ती ओवाळते.

सोमवारी सकाळी मॅडमचा फोन आला. माझं अभिनंदन करायला. म्हणाल्या, दीपकराव, तुमचं काम झालं आणि शाळेला काय शिस्त लागली आहे, व्हरांड्यात एक मूल नाही. मी आभार मानले आणि मग विचारात पडलो. ट्यूब बदलल्याने मुलं शिस्तीत कशी येतील? मला तसाच गाडी काढून जावं लागलं.

शाळा खरोखर शांत होती. वर्गाच्या खिडकीतून पाहिलं तर ललित सर नववीला भूमिती शिकवत होते आणि फळ्यावर जागा उरली नसल्यामुळे प्रमेय खिडकीच्या चौकटीपर्यंत आलं होतं. मैदानावर खेळाचा तास घामाघूम होऊन अजून खेळतच होता. आणि मोकळ्या भिंतीखाली स्टुलावर कुसाबाई हात जोडून बसल्या होत्या. बाजूला घंटेचं बटण.

मामा, तो डबा घंटेचा होता. सकाळची प्रार्थना पेटीच्या सुरावर सुरू होते, म्हणून कोणाला कळलं नाही. पहिला तास संपल्यावर कुसाबाईंनी बटण दाबलं, आवाज आला नाही, तेव्हा देव कोपला असं समजून त्या गप्प बसल्या. वर्गात मोबाइल न्यायचा नाही हा मॅडमचाच हुकूम, भिंतीवरची घड्याळं आपापल्या सोयीची वेळ दाखवतात, आणि घंटेशिवाय वर्ग सोडायचा नाही ही शिक्षकांची सवय. रविवारी मी प्रत्येक वस्तू चालू करून पाहिली. घंटा वाजवून पाहायचं मात्र सुचलं नाही. गप्प असलेली वस्तू बिघडलेली आहे की वेळेची वाट बघते आहे, हे बाहेरून कसं ओळखायचं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

तारा तिथल्या तिथे जोडल्या आणि खात्री करावी म्हणून बटण जरा वेळ दाबून धरलं. लांब घंटा म्हणजे शाळा सुटली, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलांना ठाऊक होतं. मॅडम फाटकात दोन्ही हात पसरून उभ्या होत्या, तरी सहावी अ निसटलीच. ती शेवटी वडापावच्या गाडीवर सापडली.

संध्याकाळी मॅडमनी मला बसवून घेतलं. परीक्षेला घंटा वेळेवर हवी आणि ती कुसाबाईच देतात, पण कुसाबाई आता बटणाला बोट लावत नाहीत. डबा ज्याच्या हाताने बसला त्याच्याच हाताने त्या जागी बसणाऱ्या नव्या बोर्डाची पूजा व्हायला हवी, हा त्यांचा हट्ट. "दीपकराव, शुक्रवारपर्यंत कुसाबाईंची समजूत घाला. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल," एवढंच मॅडम म्हणाल्या. आवाज न चढवता.

असो. मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा,
दीपक

ता. क. : डबा बसवणारा माणूस कसा होता, असं मी कुसाबाईंना विचारलं. नांदगावकडचा होता, डोक्याला टॉवेल, तंबाखू मळत म्हणाला, "बाय, हा डबा देवाचा हाय, कुणाला हात लावू देऊ नको." हे आईला सांगितलं तर ती हसतच सुटली. तेव्हा मामा, गुरुवारी राखीबरोबर या. शिडी चढायची नाही, स्टुलावर उभं राहूनही भागेल. हळदकुंकू मी आणतो.

पुन्हा ता. क. : प्रतिभाने काल डबा पुसला. कुंकवाच्या थराखाली झाकणाच्या मधोमध एक चुकलेलं भोक निघालं. आई म्हणते, दादाचं ड्रिल चुकलं की तो त्यावर स्वस्तिक काढायचा, आमच्या माहेरी सगळ्या भिंती मंगल आहेत. हे मी कुसाबाईंना सांगणार नाही. सांगायला हवं का, यावर विचार चालू आहे, पण तो शुक्रवारनंतर करेन.

शेवटचं : नवीन बोर्ड बसवताना माझी दोन भोकं चुकली आहेत. सध्या त्यावर कॅलेंडर टांगलं आहे. स्वस्तिक जरा मोठं काढावं लागेल.