जुनी स्क्रिप्ट, नवा हँडलर आणि चार नंबरची बस

३ फेब्रुवारी, सोमवार
कंपनीचा सर्व्हर बदलला. बोईसरला आमच्या गेटवर पाळी सुटली की पांढऱ्या बसेस लागतात, सगळ्या सारख्याच. मोबाइलवर कार्ड नंबर टाकला की आपली बस कोणती ते कळतं. ते पान चालवणारी स्क्रिप्ट माझ्याही आधीपासून नोकरीत आहे. प्रतीक्षा (ज्युनिअर, बोलते सिनिअरसारखी) म्हणते, एम्युलेशन लावू. म्हणजे नव्या सर्व्हरवर स्क्रिप्टला जुन्याच घरात असल्यासारखं वाटेल आणि ती आहे तशी चालेल. अर्ध्या दिवसाचं काम.
मी म्हणालो, छे! खास या सर्व्हरसाठी नेटिव्ह हँडलर, म्हणजे उत्तरं देणारा याच्याच भाषेतला नवा प्रोग्रॅम लिहायचा. जुनी स्क्रिप्ट दर वेळी उठते, उत्तर देते आणि मरते. माझा हँडलर कायम जागा.
१३ तारखेला आयटी मॅनेजर ठरणार. एम्युलेशन लावून कोणी मॅनेजर होत नाही.
संकल्प: रोज पहाटे पाचला कोडिंग.

५ फेब्रुवारी
पाचला अलार्म वाजला. बंद केला. डोकं ताजं हवं.

७ फेब्रुवारी
हँडलर तयार. दिवसभर टेस्टिंग. दर वेळी माझा नंबर टाकला, दर वेळी माझीच बस आली. प्रतीक्षा म्हणाली, सर, दुसऱ्या कोणाचा टाकून बघा. जळते, दुसरं काय!

१० फेब्रुवारी
नवं पान सुरू. स्पीड अफाट.
किरकोळ अडचण: पॅकिंगमधल्या हिराताईने पान सगळ्यांत आधी उघडलं. ती किनाऱ्यावरच्या मुरब्याची, बस चार. हँडलरने ते डोक्यात ठेवलं आणि पुढच्या प्रत्येकाला चारच सांगितलं. हिराताई बसच्या खिडकीतून ओरडली, "सायेब, आमच्या बसला जत्रा कशाला भरवली? मला बसाया जागा नाय!" पालघरला राहणारे भगवंतराव मुरब्याला पोचले. फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही.
प्लँट मॅनेजर नागोराव साहेबांना सांगितलं, मेमरी उत्तम असल्याचाच हा पुरावा. त्यांनी माझ्याकडे बघत चष्मा पुसला. पटलं असावं.

११ फेब्रुवारी
प्रतीक्षाने जेवणाच्या सुट्टीत जुनी स्क्रिप्ट एम्युलेशनमध्ये लावली. चालली. जरा हळू आहे, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.
माझा हँडलर फक्त माझ्या मोबाइलसाठी चालू ठेवलाय. दुरुस्त केलाय. बहुतेक.

१३ फेब्रुवारी, दुपार
इस्त्रीचा शर्ट. संध्याकाळी तारापूरच्या गेस्ट हाउसवर मॅनेजरपदाची मुलाखत, माझ्या बसच्या वाटेवरच. हिराताईचा नंबर टाकून शेवटची टेस्ट केली: बस चार. करेक्ट! मग माझा टाकला: बस चार. आज चारचा मार्ग बदलला असेल. बसलो. आता डोळे मिटून भाषणाची तयारी.

त्याच दिवशी, संध्याकाळ, मुरबे
डोळे उघडले तर समोर बोंबील वाळत होते. हिराताई म्हणाली, "सायेब, बस तपासाया आलात काय? चला, चा घ्या." हो म्हणालो.
नागोराव साहेबांचा फोन आला. घाई करू नका म्हणाले, मॅनेजर म्हणून प्रतीक्षाचं नक्की झालंय. वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं.
परतीची बस बघायला माझं पान उघडलं. त्याने चार सांगितलं. चार तर केव्हाच निघून गेली होती. आजूबाजूला पाहिलं, कोणी बघत नव्हतं. जुनं पान उघडलं.
जरा वेळ लागला. मग आलं: बस सहा, रात्रपाळीला नेणारी. बरोब्बर आली. ड्रायव्हरला तरी एकदा विचारून घेतलं.