निकेया आणि बकुळताई

५ मार्च, राखेचा बुधवार
यंदाच्या उपवासकाळाचा संकल्प एकच. वसईला बकुळताईला फोन करून माफी मागायची. सहा वर्षं आईचं सगळं तिनं एकटीनं केलं. मी बनारसहून आई गेल्यावर थेट मातीला पोचलो आणि चारचौघांत म्हणालो, तू औषधं वेळेवर दिली नाहीस. दोन वर्षं झाली. उद्याच फोन.

६ मार्च
दुर्गाघाटच्या गल्लीत रेंज नाही.

९ मार्च, रविवार
फादरनी मोठ्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग माझ्याकडे दिला. विषय : चर्चची शिकवण कशी विकसित होते. मस्त रंगवला. प्रेषितांनी दिलेला ठेवा तोच, समज वाढत जाते. ख्रिस्ताबद्दलची श्रद्धा नेमक्या शब्दांत मांडायला चर्चला निकेयाच्या परिषदेपर्यंत तीनशे वर्षं लागली. मला तर दोनच झालीत. मन हलकं झालं.

१६ मार्च
संकल्प विकसित केला. फोनपेक्षा पत्र बरं. ठेवा तोच.

२३ मार्च
पत्र सुरू. दीड पान माझ्या रजेच्या अडचणींतच गेलं. माफीला जागा उरली नाही. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप.

३० मार्च, सकाळी ७
ताईला गुड मॉर्निंगचा गुलाब पाठवला. माफी त्यात बीजरूपानं आहेच.
रात्री ८. तिनं बघितलाय. उत्तर नाही. ताई पहिल्यापासून हट्टी.

६ एप्रिल, रविवार
वर्गातल्या रुचानं विचारलं, शिकवण वाढली की बिघडली, हे ओळखायचं कसं? सांगितलं, आधीचं सांभाळून पुढे जाते ती वाढ, आधीचंच पुसून टाकतो तो बिघाड. तर म्हणते, अंकल, कोई एग्ज़ाम्पल दीजिए. मला एकच आठवलं. ते सांगण्यासारखं नव्हतं. वर्ग दहा मिनिटं आधी सोडला. स्वतःची लाज वाटली.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
घाटावर जाऊन बसलो. फुल रेंज. नंबर काढला. मग वाटलं, ताईला आज उपास, उपाशी माणसाला कशाला रडवा. फोन खिशात.
खरं म्हणजे भीती वाटते. तू आधी का आला नाहीस, असं तिनं विचारलं तर? रजा शिल्लक होती.

२० एप्रिल, ईस्टर
मिस्सा संपली आणि चर्चच्या आवारातच ताईचा फोन आला. रडत होती. म्हणाली, दोन वर्षं तोच विचार करतेय रे, एखादी गोळी चुकलीही असेल माझ्याकडून, मला माफ कर.
मी म्हणालो, जाऊ दे ताई, केलं माफ.