भिंतीलगतची फट

रविवार, १३ एप्रिल २०२५

आज सकाळी रायपूरहून नागपूरला पोचलो. सामानाचा टेम्पो माझ्या आधीच हुडकेश्वरच्या घरापुढे येऊन उभा होता. दुपारपर्यंत पलंग, कपाटं, फ्रिज सगळं जागेवर लागलं. संध्याकाळी पाणी मारून गच्चीवर खुर्ची टाकली. या भागात अजून मोकळे प्लॉट आहेत, त्यामुळे वारा येतो. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

बदली मीच मागितली होती. बँकेची सदरची शाखा मिळाली. थोरला भाऊ जितेंद्रदादा फेब्रुवारीत हैदराबादला गेल्यापासून घर बंदच होतं. मिनल तिच्या शाळेतून मेच्या दुसऱ्या आठवड्यात मोकळी होईल, मग ती लेकीला, काजलला, घेऊन येईल. तोवर घर नीट करून ठेवायचं आहे. काजलला टेबल-टेनिसचं टेबल हवं आहे. ते गॅरेजमध्ये बसवू असं मी कबूल केलं आहे. गाडी काय, बाहेर कडुलिंबाखाली राहील.

गॅरेजमध्ये बाबा राहत होते. घर जोत्यावर उंच आहे, गॅरेजमधून आतल्या दाराशी जायलाही पायऱ्या आहेत आणि लकव्यानंतर त्यांना त्या चढता येत नव्हत्या, म्हणून दादाने तिथे खाट आणि पंखा लावून दिला होता. व्हिडिओ कॉलवर त्यांच्यामागे पिवळी भिंत दिसायची. मी ती खोली समजत होतो. शटरचा आवाजही कधी यायचा, पण मी विचारलं नाही. जानेवारीत ते तिथेच गेले. सकाळी वहिनी चहा घेऊन गेली तेव्हा खाटेवर नव्हते. खाली कोब्यावर पडले होते, तोंड पायऱ्यांकडे.

आज दमलो आहे. लवकर झोपतो.

शुक्रवार, १८ एप्रिल

बँकेला सुट्टी. गॅरेज झाडलं. दोनदा झाडलं, ओल्या फडक्याने पुसलं, तरी वाळल्यावर पुन्हा पांढरी भुकटी हाताला लागते. सिमेंटचा कोबा जुना झाला की अशी भुकटी सोडतो. खाटेच्या जागी डोक्याच्या तेलाचा डाग आहे. सोडा टाकून घासला, निघाला नाही.

सदरला प्रीतमच्या दुकानात गेलो. तो आमच्या शाखेचा खातेदार आहे. कोटा फरशी बसवायची तर कोबा फोडावा लागेल, रंग मारला तर वर्षभरात पापुद्रे निघतील, असं त्याने सांगितलं. मग व्हिनाइलच्या टाइल्स दाखवल्या. प्रत्येक तुकड्याच्या कडेला दाते असतात, ते शेजारच्या तुकड्यात अडकतात. गोंद नाही, सिमेंट नाही. जुन्या फरशीवर नुसत्या जोडत जायच्या, उद्या घर बदललं तर उचलून न्यायच्या. त्याने एक टाइल खाली टाकली आणि तिच्यावर पान्हा आपटला. ओरखडासुद्धा पडला नाही. म्हणाला, खाली काय आहे ते विसरून जा भाऊ, वरून शोरूम दिसते.

व्हिडिओ कॉलवर काजलने नारंगी आणि करडा असे दोन रंग निवडले. घरी येताना मन हलकं होतं. तोडफोड करावी लागणार नाही याचा आनंद होता असं मी मिनलला सांगितलं. खरं म्हणजे तो डाग झाकला जाणार होता.

रविवार, २० एप्रिल

टाइल्स बसवल्या. काम वाटलं होतं त्यापेक्षा सोपं आहे. मधोमध दोरी धरून सुरुवात करायची आणि रबरी हातोड्याने दाते ठोकत भिंतींकडे जायचं. डागावर नारंगी तुकडा आला.

खोक्यावर लिहिलं आहे की भिंतीलगत बोटभर फट ठेवा, उन्हाळ्यात व्हिनाइल फुगतं. फट ठेवून पाहिली. तिच्यातून चारही बाजूंनी जुना कोबा दिसत होता. मला ते बरं वाटलं नाही. शेवटची ओळ कटरने मोजून कापली आणि भिंतीला घट्ट बसवली. आता सिमेंट कुठेच दिसत नाही.

शटर उघडं पाहून समोरचे मनोहरराव आले. चपला बाहेर काढून आत चालून पाहिलं, पायाने दाबून पाहिलं. म्हणाले, मऊ आहे गा. हे आधी बसवली असती तं म्हाताऱ्याचे पाय गारठले नसते. मग स्वतःच हसले आणि म्हणाले, मनावर नको घेऊ धर्मेंद्र, मी आपला बोलून राहिलो. चहा घेऊन गेले.

मी हातोडा पुसून ठेवला.

शनिवार, २६ एप्रिल

पारा चव्वेचाळीसवर. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. गॅरेजमध्ये टेबलाची जागा मोजायला गेलो तर फरशी मधे उचललेली दिसली. पायाने दाबली. दबते आणि पाय काढला की परत येते.

प्रीतमला फोन केला. तो जेवत होता. म्हणाला, भाऊ, नागपूरच्या गरमीत माणूस फुगते, तं टाइल नाही फुगणार काय. फट ठेवली नसेल तुम्ही. कापून घ्या, नाही तर गाडी उभी करा वर, बसून जाईल.

संध्याकाळी पाहिलं तेव्हा फरशी सपाट होती. काळजीचं कारण नाही.

गुरुवार, १ मे

सुट्टी. रोज दुपारी उंचवटा येतो. फुगण्यानेच येतो, हे मला कळतं. पण फुगायचं तर शटरकडून फुगायला हवं, ऊन तिथे लागतं. हा उंचवटा खाटेच्या जागी येतो. लांबट आहे. मधे किंचित वाकलेला. कुशीवर, गुडघे घेऊन झोपलेल्या माणसाएवढा.

आज तिथल्या टाइल्स उचलल्या. खाली कोब्यावर पुन्हा भुकटी धरली आहे. तिच्यात डाव्या पायाचा ठसा होता, अनवाणी. त्याच्या बाजूला फरफटल्याची रेघ. मग पुन्हा ठसा, पुन्हा रेघ. पुढे न उचललेल्या टाइलखाली गेली होती.

बाबांचा उजवा पाय उचलत नव्हता.

बसवण्याआधीच्या खुणा राहिल्या असतील. पण मी झाडलं होतं. ओल्या फडक्याने पुसलं होतं. टाइल्स परत लावल्या आणि दाते ठोकून घेतले. हात धुतले. 

रविवार, ४ मे

दादाला फोन केला. ठशांबद्दल बोललो नाही. बाबा पायऱ्यांकडे जायचा प्रयत्न करायचे का, एवढंच विचारलं. तो म्हणाला, रोज करायचे. रात्रभर आवाज द्यायचे, वर घ्या म्हणायचे. आम्ही दाराले कडी लावायचो, पडतील म्हणून. तू आता मले विचारून राहिला काय? मी त्याईचं हगणं-मुतणं काढत होतो तवा तू वाढदिवसाले केक पाठवून राहिला होता. फोन ठेवला. मग त्यानेच पुन्हा केला आणि काजल कोणत्या शाळेत जाणार ते विचारलं.

दुपारी उंचवटा सरकलेला होता. खाटेची जागा आणि पायऱ्या यांच्या मधे.

फट कापली की हे थांबेल. कटर घेऊन भिंतीशी बसलो. कटर लावलाही. मग वाटलं, बोटभर फट म्हणजे बोट बाहेर यायला पुरेल एवढी जागा.

कापली नाही.

बाबांची भीती वाटते असं मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. लिहिलं आणि लाज वाटली. ते कोणाला काही करणारे नव्हते. ते फक्त वर येत आहेत.

गुरुवार, ८ मे

काटोलहून गोपिका आत्याचा फोन. बाबांची धाकटी बहीण. आवाजावरून तिला कळलं. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिने विचारलं, काहून गा धर्मा, भाऊचा दिवा कुठं लावला होता तुम्ही?

हॉलमध्ये लावला होता. जिथे जीव गेला तिथे दहा दिवस दिवा ठेवायचा, खाली पीठ पसरायचं, वर टोपली झाकायची आणि पिठावर पाऊल कशाचं उमटलं ते पाहायचं, हे मला माहीत होतं. दादाने विचारलं होतं की दिवा गॅरेजमध्ये ठेवायचा का. बँकेतले लोक येणार होते, रायपूरचे माझे सासरे येणार होते. त्यांनी ती खाट पाहिली असती. हॉलमध्ये ठेव असं मी म्हणालो. पिठावर काहीच उमटलं नाही. भटजी म्हणाले, काही मागे न ठेवता गेले, पुण्यवान आहेत.

आत्या म्हणाली, त्याले पायऱ्या चढता येत नव्हत्या, अन् तुम्ही दिवा पायऱ्यांवर नेऊन ठेवला. तो कसा पाहीन? आता ते प्लास्टिक काढ. कोब्यावर दिवा लाव, पीठ टाक, टोपली झाक. आतलं दार उघडं ठेव. त्याले म्हण, बाबा, या घरात. बस. घाबरतं काय बापाले.

शुक्रवार, ९ मे

बँकेतून येताना इतवारीत उतरलो, टोपली घेतली. तांदळाचं पीठ घरात होतं.

टाइल काढली नाही.

वरच पीठ पसरलं, खाटेच्या जागी, नारंगी तुकड्यावर. दिवा लावला. टोपली झाकली. जागा तीच आहे, मधे बोटाएवढं व्हिनाइल तेवढं. बाबा, या, असं म्हणायला तोंड उघडलं. नुसतीच वात पुढे सारली.

आतलं दार थोडा वेळ उघडं ठेवलं. मग लावलं. कडी—

कडी घातली.

शनिवार, १० मे

सकाळी टोपली उचलली. दिवा शांत झाला होता. पीठ जसंच्या तसं. मुंगीसुद्धा फिरली नव्हती.

पीठ कागदावर भरून घेतलं. मग टाइल उचलली. उचलायला नको होती.

कोब्यावर काही नव्हतं. टाइलच्या खालच्या बाजूला होतं. भुकटीत उमटलेला पंजा, डाव्या हाताचा. बोटं पसरलेली. खालून वर लावलेला. दाबून.

मी तिथेच बसून राहिलो. मग फडक्याने पुसला.

पुसला. बाबांचा हात होता आणि मी—

टाइल परत बसवली.

मिनलचा फोन. सोमवारी सकाळी पोचतील. टेबल आलं का असं काजलने विचारलं. फरशी गार लागते का, मी अनवाणी खेळणार, असंही म्हणाली. हो म्हणालो.

रविवार, ११ मे. सकाळ

आत्याचा फोन वाजतो आहे. उचलत नाही. तिला काय सांगू, दिवा वर लावला—

टाइल काढायला बसलो होतो. खरंच बसलो होतो. कडेखाली बोट घातलं. खाली ऊब. सिमेंटची नाही.

सोडली. दाते ठोकले. सगळीकडे ठोकले.

दुपार

उंचवटा पायऱ्यांशी आला. पहिल्या पायरीला टेकला आहे. सारखा वर येतो, खाली जातो. दम लागल्यासारखा. लकव्यानंतर त्यांना असाच—

दादाची एकच कडी होती. मी दारामागे कपाट सरकवलं.

पण उद्या दार उघडावंच लागेल. काजल—

तीन वाजता

प्रीतमचं ऐकलं. शटर वर केलं. गाडी आत घेतली. पायऱ्यांपर्यंत. पुढचं चाक उंचवट्याला लागलं आणि थांबलं. मला उतरता आलं असतं. गाडी मागे घेता आली असती.

ॲक्सिलरेटर दाबला. चढली.

आवाज नाही. फक्त श्वास सोडल्यासारखं काही, लांब. मग सपाट. सगळी फरशी सपाट. शोरूम दिसते.

शटर ओढून आत येऊन बसलो. गाडीतच लिहितो आहे. उतरायचं तर पाय खाली—

बाबा, थोडे दिवस. पोरगी लहान आहे. घाबरेल. थोडे दिवस खालीच राहा, मग मी स्वतः तुम्हाला धरून—

हेच दादा म्हणत असेल.

गाडी पुढून किंचित वर आली. नाही. आली. समोरची भिंत खाली सरकली.

भार कमी पडतो आहे. मी उतरलो तर आणखी कमी. उतरत नाही. न्यूट्रल नाही, गिअर घातला आहे. हँडब्रेक आहे. अजून थोडा ओढून पाहतो, म्हणजे