चांगुणेला एक मुलगी

एकलहरे, नाशिक रोड
८ मे २०२५

प्रिय सायलीताई,

पायांवर डोकं ठेवलंय असं समज आणि नेहमीसारखी टपली मारून आशीर्वाद दे. इकडे सगळं ठीक आहे. ऊन मी म्हणतंय. आई जेवते बरी.

फोन सोडून हे पत्र कुठून काढलं, असं म्हणशील. फोनवर आई शेजारीच असते, आणि तू मध्येच रडायला लागलीस की मला पुढचं सांगता येत नाही.

माझ्या चंद्रावरच्या कादंबरीचं तू विचारलं होतंस. जग उभं राहिलंय. चंद्राच्या जमिनीखाली वस्ती आहे. वर पंधरवडाभर ऊन, पंधरवडाभर रात्र. विवरांतला बर्फ खणून आणायचा, वितळवायचा आणि घरटी वाटायचा. वाटणारी बाई चांगुणा. ठेंगणी, फटकळ, पदर खोचून नळाशी उभी. ओळखलंस ना? शास्त्र मी पुस्तकांतून घेतलं, बाई घरातूनच घेतली.

संध्याकाळी लिहिलेलं आईला वाचून दाखवतो. सुरुवातीला तिने माझी सालटी काढली. "पाण्याच्या रांगेत भांडण नाय? मंग ती वस्ती कसली रे?" नांदगावात टँकरमागे धावण्यात तिचं लहानपण गेलं, तिला माझा शिस्तीचा चंद्र पटेना. मी भांडण घातलं. मग तिच्या हुकमावरून नंबर लावायला हंड्यांच्या जागी दगड ठेवले. चंद्रावर दगडांना काय तोटा! आम्ही दोघं खूप हसलो त्या दिवशी.

पुढे पुढे ती गोष्ट चांगुणेची राहिली नाही, आईची झाली. सकाळी उठून विचारते, "बर्फाची गाडी आली का?" बाबांचं नाव काढलं तर भिंतीकडे बघते, पण वस्तीतल्या कोंडाजीचा गुडघा दुखतो हे तिला पाठ. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार पुढे सरकणारच, आईंनी जे धरून ठेवलंय ते राहू द्या. मी राहू दिलं. तिला निदान कुठेतरी असायला जागा होती.

तू दर रविवारी फोन करतेस आणि मी म्हणतो, आई झोपली आहे. ताई, ती झोपलेली नसते. मध्ये तिला तुझा फोटो दाखवला. "चांगली पोरगी हाय. कुणाची?" मी म्हटलं, तुझी. तर हसली. "मला कुठं पोरबाळ? मी एकटी बाई, पाणी वाटते."

हे वाक्य माझं आहे. गोष्टीत उगाच गर्दी नको म्हणून मी चांगुणेला मूलबाळ दिलं नव्हतं. एकटी बाई जास्त ठसठशीत उभी राहते, असं वाटलं होतं. कागदावरून ते खोडलं, तिच्या डोक्यातून कसं खोडू?

म्हणून नवं प्रकरण लिहायला घेतलं. चांगुणेला एक मुलगी आहे. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला शिकायला गेलेली, तिथेच राहिलेली. तिकडून निरोप येत नाहीत, म्हणून आईला तिचा चेहरा आठवत नाही. डाव्या भुवईवर व्रण आहे, झोक्यावरून पडल्याचा. तुझाच. नाव मात्र दिलं नाही. सायली म्हटलं आणि ती पुन्हा हसली तर, अशी भीती वाटली.

काल वाचलं. आईने पदर खोचला. मग म्हणाली, "तिला म्हणावं लवकर ये. तिच्या वाटचं पाणी काढून ठेवते." आणि उठून खरंच तांब्या भरला, देव्हाऱ्यापाशी झाकून ठेवला. आज सकाळी पाणी बदललं.

ताई, ती मुलगी तू हो. मुलांचे निकाल, रजा, कशाचीही वाट बघू नकोस. आता चंद्रही निसटायला लागलाय. परवा तिने मला विचारलं, कोंडाजी कोण? दारात आलीस की जुन्या आठवणी काढू नकोस, फोटो दाखवू नकोस. "पलीकडून आले," एवढंच म्हण. आपल्याच आईला भेटायला सोंग घेऊन यायचं, तुला राग येईल. मलाही आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते अजून कळलेलं नाही.

पण तुला तिला आई म्हणता येईल. मी तसं लिहून ठेवलंय. मला नाही म्हणता येत. मी तिला वाचून दाखवणारा मास्तर आहे. वाचून झालं, कागद आवरायला लागलो की ती चहा घेऊन जा म्हणते. मग रोज विचारते, "मास्तर, तुमची आई वाट बघत असंल ना?"

मी हो म्हणतो.

तुझा तरी भाऊ,
ज्ञानेश