शेवटचे दोन खिळे

अब्बा, परवा म्हसवडच्या माळावर मी जे ऐकलं, ते तुम्हाला लिहायला बसलोय. बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्यात, म्हणून शिरवळच्या कारखान्यातून सुट्टी काढून सहज बघायला गेलो होतो. गर्दीत मला एका म्हाताऱ्यानं हाक मारली. आपल्याकडे पांढरा खिलार बैल खुरांना पत्री मारायला आणायचे, तेच पाटील. आता काठी टेकत चालतात. माझा हात धरून म्हणाले, "नालबंदाचा न्हवं तू? तुझ्या बापासारखा मानूस न्हाई बघितला, गड्या."

आणि मग त्यांनी त्या जुम्म्यानंतरचं सांगितलं.

तो जुम्मा मला चांगला आठवतो. पिंपळाखाली बैल पाडलेला, चारी पाय बांधलेले, तुम्ही गुडघ्यावर बसून लोखंडाच्या पत्र्या ठोकताय. दोन दिवसांवर शर्यत. पाटील तुम्हाला आपल्या गाडीतून माळावर नेणार होते, आणि तुम्ही लहान पोरासारखे खुशीत होतात. तेवढ्यात मशिदीत बांग झाली. शेवटच्या पत्रीचे दोन खिळे राहिले होते. तुम्ही हातोडी खाली ठेवलीत. "ऱ्हाऊ दे. आल्यावर मारू. बैल मोकळा कर, आन् तू बी ये मागनं नमाजला." पाटील चहाला गेले होते.

मी नाही आलो, अब्बा. विशीतला घोडा होतो, जिंकणाऱ्या बैलाच्या पायात आपला एक तरी खिळा असावा एवढीच हाव. बनी इस्राईलच्या, म्हणजे जुन्या यहुदी लोकांच्या, बादशहांच्या गोष्टी मी तुमच्याच तोंडून ऐकल्या होत्या. तालूत बादशहानं तहानलेल्या फौजेला सांगितलं होतं, नदी लागेल, पिऊ नका, फार तर ओंजळभर घ्या. आणि बहुतेकांनी तोंड लावून ढोसलं. सुलेमान नबी घोडी बघत बसले आणि बघता बघता सूर्य बुडाला, नमाज राहिली. पत्री मारताना तुम्ही हे सांगायचात आणि वर म्हणायचात, "जनावर चांगलंच असतंय रं. खोट आपल्या मनात." मी मान डोलवायचो. त्या दिवशी तुमची पाठ वळताच हातोडी उचलली.

तुम्ही परत आलात, बैलाचा पाय उचलून बघितलात. "हे दोन कुणी मारलं?"

"तुमीच की, अब्बा. बांगेच्या आदी."

तुम्ही क्षणभर स्वतःच्या हातांकडे बघितलंत. मग हसून म्हणालात, "असंल. ध्यान कुठं हाय माजं."

शर्यतीत बैल निम्म्यावर लंगडला. खिळा खुराच्या आत, जिवंत मांसात, जिव्हाळीत गेला होता. तुम्ही भर माळावर गुडघे टेकून तो उपसलात, रक्तानं धोतर भरलं. पुढं तुम्ही फक्त ओझ्याच्या गाडीचे बैल पत्री मारायला घेतलेत. मला वाटलं गुडघे दुखतात, मग वाटलं शर्यतींवर बंदी आली म्हणून. खरं कारण परवा कळलं.

पाटील म्हणाले, "शर्यत झाली त्याच सांजंला आला तुझा बाप माझ्या दारात. म्हनला, पाटील, खिळा माझा चुकला. बांग झाली तवा बी मन तुमच्या बैलातच हुतं, काय मारलं त्ये सुदिक आठवत न्हाई. सुलेमान नबीला घोड्यांनी भुलवलं, मला बैलानं. आता शर्यतीच्या जनावराला हात लावनार न्हाई, अल्लाला शबूद दिलाय. मी म्हनलं, आवं, एका खिळ्यापायी? मी लय विनवलं. न्हाईच ऐकलं."

जो गुन्हा तुम्ही केलाच नाही, त्याची तोबा करत तुम्ही जन्माची आवड सोडून दिलीत. तुमची हातोडी तर बांगेसरशी खाली गेली होती, अब्बा! खिळे माझे होते. नमाज माझी गेली होती. त्यानंतर माळावरून शर्यतीचा आरडाओरडा यायचा, तेव्हा तुम्ही उठून घरात जायचात, आणि मी, गाढव, तुम्हाला म्हातारपणाचा कंटाळा आला म्हणायचो.

हे तुम्हाला कुठं पाठवू? कबरीला टपाल जात नाही. तुमच्या हातोडीच्या पेटीत ठेवीन.

एक राहिलंच. पाटील डोळे पुसत म्हणाले, "एवढ्या इमानी मानसाचा हात कसा चुकला, कोन जाने." मला तोंड उघडायचं होतं. मी म्हणालो, "व्हय, पाटील. व्हतंय कवा कवा."